गर्भपिशवीच्या ऑपरेशनआधी अंगावरून रक्त जास्त जात असेल तर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मिरजेच्या दवाखान्यात येणाऱ्या बायका बहुतेक वेळा ऑपरेशन ठरवूनच येतात. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, पलीकडून अथणी-कागवाड. पहाटेची एसटी धरून, कॅरीबॅगमध्ये सोनोग्राफीचे कागद, सोबत नवरा नाहीतर जाऊ. डॉ. वानलेस यांनी १८९४ साली इथे रुग्णालय उभारलं, तेव्हापासून मिरजेला जायचं म्हणजे काहीतरी करूनच परतायचं, असं या भागात डोक्यात बसलेलं आहे. मग मी रिपोर्ट बघते, हिमोग्लोबिन ६.८ असतं, आणि सांगते की अजून दीड महिना तरी ऑपरेशन नाही. नवऱ्याचा चेहरा पडतो, त्याने रजा टाकलेली असते. त्यानंतर जे प्रश्न येतात ते इथे लिहिलेत. तुमच्या डॉक्टरांनी तुम्हाला तपासून जे सांगितलंय ते मात्र या पानापेक्षा वरचं.

रक्त कमी आहे तर दोन पिशव्या रक्त लावा आणि उद्याच करून टाका. थांबायचं कशाला?

एका पिशवीने हिमोग्लोबिन साधारण १ ग्रॅमने वाढतं. म्हणजे पावणेसातचं दोन पिशव्यांनी पावणेनऊ होईल. टेबलवर थोडंफार रक्त जातंच, गर्भपिशवीत मोठ्या गाठी असतील तर बरंच जातं. तिसऱ्या दिवशी तुम्ही पुन्हा सातवर. कमी रक्तात हृदय आधीच जास्त काम करत असतं, जखम भरायला वेळ लागतो, जंतुसंसर्गाची भीती वाढते आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांची झोप उडते ती वेगळीच.

आपण ठरवून करतोय त्या ऑपरेशनसाठी हिमोग्लोबिन किमान १० आणि जमलं तर १२ च्या पुढे असावं, असा माझा आग्रह असतो. त्यासाठी दोन कामं एकाच वेळी करावी लागतात : जाणारं रक्त औषधाने थांबवायचं आणि गेलेलं भरून काढायचं. पहिलं न करता दुसरं करत बसणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं. चार-सहा आठवडे जातात. बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात, तेवढ्यात त्यांचं काही बिघडत नाही. कॅन्सरची शंका असेल तर हिशोब वेगळा, तिथे थांबत नाही.

"जास्त जातंय" म्हणजे नेमकं किती? मला तर वीस वर्षं असंच जातं.

हे "असंच जातं" मी रोज ऐकते. आईलाही असंच जायचं, मोठ्या बहिणीलाही. म्हणून ते बरोबर ठरत नाही.

पुस्तकातलं मोजमाप एका पाळीत ८० मिलिलिटर, म्हणजे टपरीवरचा जेमतेम एक कटिंग चहा. पण घरात कोण मोजणार? त्यामुळे खुणा बघायच्या. सात-आठ दिवसांच्या वर पाळी चालणं, दर तास-दोन तासाला पॅड बदलावं लागणं, रात्री अंथरुणावर मेणकापड घालावं लागणं, दोन पॅड एकावर एक लावून एसटीत बसणं, पाळीचे दिवस धरून लग्नाला जायचं की नाही ते ठरवणं. यातलं एक जरी असेल तरी ते जास्तच आहे.

मी बायकांना भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहायला सांगते. तारखेच्या चौकटीत पेन्सिलने रेघा मारायच्या. थोडं डागलेलं पॅड १ गुण, मध्यम भिजलेलं ५, पूर्ण भिजलेलं २०. लहान गुठळी १, मोठी ५. पूर्ण पाळीची बेरीज शंभराच्या वर गेली की जास्त. पूर्ण भिजलेली सहाच पॅड झाली तरी १२० होतात, म्हणजे शंभर गाठायला फार काही लागत नाही. एका बाईंनी आणलेल्या पानावर जूनच्या पाच चौकटींत मिळून ३४० लिहिलं होतं, आणि खाली नवऱ्याच्या अक्षरात "दुधाचे पैसे दिले". तो कागद मला सोनोग्राफीइतकाच उपयोगी पडला. कापड वापरत असाल तर गुण देता येत नाहीत, मग किती वेळा बदललं तेवढं लिहा.

सोनोग्राफीत गाठी आल्या आणि मलाही गाठी जातात. म्हणजे त्याच बाहेर पडतायत ना?

नाही. आपल्या भाषेने इथे घोळ करून ठेवलाय. पाळीत पडतात त्या रक्ताच्या गुठळ्या. सोनोग्राफीत दिसतात त्या फायब्रॉइडच्या गाठी, पिशवीच्या स्नायूत वाढलेल्या. त्या अशा गळून पडत नाहीत. डॉक्टरांशी बोलताना पहिल्याला "गुठळ्या" म्हणा. रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठ्या पडत असतील तर तेही सांगा.

पिशवी काढायचीच आहे, मग इतक्या तपासण्या कशाला?

कारण रक्त जाण्याचं कारण दर वेळी पिशवीतच असतं असं नाही. कोंब (पॉलिप) असतो, फायब्रॉइड असतो, पिशवीची भिंत सुजून जाड झालेली असते. पण थायरॉइड कमी असला तरी जास्त जातं. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतात. तांबी बसवलेली असते आणि बाई विसरलेली असते. वयात आल्यापासूनच धो-धो जात असेल, दात काढल्यावर किंवा बाळंतपणातही रक्त थांबलं नसेल, तर रक्त गोठण्याचा जन्मजात दोष असू शकतो. तो आधी कळला नाही तर टेबलवर कळतो.

म्हणून रक्ताची पूर्ण तपासणी, फेरिटिन (शरीरातल्या लोहाचा साठा, ३० च्या खाली म्हणजे रिकामा), रक्तगट, थायरॉइड, साखर, गरजेप्रमाणे गोठण्याची तपासणी, सोनोग्राफी, गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी. चाळिशी ओलांडलेली असेल तर पिशवीच्या आतल्या अस्तराचा तुकडा तपासायला पाठवतो. तो रिपोर्ट येईपर्यंत पिशवीला हात लावू नये, या मताची मी आहे.

आणि लघवीची गर्भाची तपासणी. "माझं ऑपरेशन झालंय" म्हणजे कुटुंबनियोजनाचं, असं सांगून बायका रागावतात. तरीही करते. नळीत राहिलेला गर्भ असाच रक्त जाऊन कळतो आणि नळ्या बांधलेल्या बाईलाही, क्वचित का होईना, तो राहतो.

रक्त थांबवायला कुठल्या गोळ्या देतात?

तीन प्रकारच्या. त्या एकमेकींच्या बदली नाहीत.

ट्रॅनेक्झामिक ॲसिड. हिच्यात हार्मोन नाही. रक्ताची गुठळी बनली की ती विरघळवणारी यंत्रणा शरीरातच असते, ही गोळी तिला रोखते. रक्त चाळीस-पन्नास टक्क्यांपर्यंत कमी होतं. नेहमीचं प्रमाण ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या दिवसातून तीनदा, तेही फक्त जास्त जाणारे चार-पाच दिवस. पाळी नसताना खाऊन उपयोग नाही. पायाच्या शिरेत किंवा फुप्फुसात कधी गुठळी झाली असेल, पक्षाघात होऊन गेला असेल, तर ही गोळी नको. किडनीचा त्रास असेल तर प्रमाण कमी करावं लागतं. १९६२ साली जपानमध्ये उताको आणि शोसुके ओकामोटो या डॉक्टर जोडप्याने हे औषध शोधलं, बाळंतपणात रक्त जाऊन बायका मरतात हे पाहून. आज मेडिकलमध्ये ते सहज मिळतं, आणि चिठ्ठीशिवायही मिळतं ही खरी अडचण.

मेफेनॅमिक ॲसिड. मुळात दुखण्याची गोळी, पण रक्तही थोडं कमी करते. जेवणानंतर घ्यायची. दमा, पोटात अल्सर, किडनीचा त्रास असेल तर नाही. हिच्यामुळे क्वचित अंगभर पुरळ आणि तापाची गंभीर रिॲक्शन येते, तशी सूचना भारतीय औषधसंहिता आयोगाने २०२३ मध्ये काढली होती. पुरळ दिसलं की गोळी बंद आणि दवाखाना.

तिसरी नॉरएथिस्टेरॉन. तिचा प्रश्न वेगळाच येतो, तो पुढे.

ही तर पाळी पुढे ढकलायची गोळी! गणपतीत घेते मी. हीच का दिली?

हो, तीच. सत्यनारायण, गौरी, वारी, नणंदेचं लग्न, सगळ्याला ही गोळी मेडिकलमधून येते आणि डॉक्टरांना पत्ता नसतो. ५ मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा घेतली की पिशवीचं अस्तर जागेवर टिकतं, रक्त एक-दोन दिवसांत आटतं. ऑपरेशनपर्यंतचे आठवडे कोरडे काढायला ती चांगली आहे.

पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. बंद केली की दोन ते चार दिवसांत पाळी येते, आणि साठलेलं असल्यामुळे कधीकधी जोरात येते. गेल्या हिवाळ्यात तासगावकडच्या एक ताई होत्या. द्राक्षबागेत छाटणी-डिपिंगची कामं करणाऱ्या, पाच आठवड्यांत हिमोग्लोबिन ६.४ वरून १०.२ वर आणलेलं. सोमवारी ऑपरेशन. गुरुवारी गोळ्या संपल्या, वाटलं आता चारच दिवस राहिलेत, कशाला आणायच्या. शनिवारी रात्री सुरू झालं. सोमवारी सकाळी हिमोग्लोबिन ८.९. तारीख तीन आठवडे पुढे गेली. चूक त्यांची नव्हती. गोळी कुठल्या तारखेपर्यंत घ्यायची ते चिठ्ठीवर लिहायला मीच विसरले होते. आता लाल पेनने लिहिते. तुमच्या चिठ्ठीवर ती तारीख नसेल तर मागून घ्या.

रक्ताच्या गुठळीचा इतिहास, स्तनाचा कॅन्सर, यकृताचा आजार असेल तर ही गोळी चालत नाही.

दर महिन्याला एक महागडं इंजेक्शन सुचवलंय. ते कशाला?

बहुधा ल्युप्रोलाइड. मेंदूकडून बीजकोशाला जाणारा निरोप ते बंद करतं, म्हणजे औषधाने आणलेली तात्पुरती रजोनिवृत्ती. ३.७५ मिलिग्रॅम महिन्यातून एकदा, सहसा तीन वेळा. पाळी थांबते, गाठी तिसऱ्या हिश्श्याने, कधी निम्म्याने आकसतात. मग पोटावर मोठ्या चिऱ्याऐवजी दुर्बिणीने किंवा खालून काढणं जमू शकतं. पहिल्या दोन आठवड्यांत मात्र रक्त वाढू शकतं, ते माहीत नसलं की बायका घाबरून इंजेक्शन अर्धवट सोडतात. अंगातून वाफा येतात, घाम फुटतो. बंद केल्यावर गाठी परत वाढतात, म्हणून ते ऑपरेशनच्या तयारीपुरतंच. प्रत्येकीला लागत नाही. गाठ मोठी आणि हिमोग्लोबिन फार खाली, अशांना मी देते.

बीट, खजूर, आपले तासगावचे बेदाणे खाऊन रक्त वाढत नाही का?

खा. बेदाणे तर घरचेच आहेत. पण हिशोब बघा. ५० किलो वजनाची बाई, हिमोग्लोबिन ७, ते १३ वर न्यायचंय. लागणारं लोह असं काढतात : वजन गुणिले फरक गुणिले २.४, अधिक साठ्यासाठी ५००. म्हणजे ५० गुणिले ६ गुणिले २.४ बरोबर ७२०, अधिक ५००, झाले १२२० मिलिग्रॅम. शंभर ग्रॅम बेदाण्यात लोह साधारण २ मिलिग्रॅम, त्यातलं अंगी लागतं फार तर दहावा हिस्सा. रोज शंभर ग्रॅम खाल्ले तर सोळा-सतरा वर्षं लागतील, आणि तेवढ्या वर्षांत पाळी एकदाही येता कामा नये. बिटाचा तर रंगच लाल, आत फारसं काही नाही.

आशाताई देतात त्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि फॉलिक ॲसिड असतं. ती रिकाम्या पोटी, लिंबूपाण्याबरोबर घ्यायची. मळमळलं तर जेवणानंतर घ्या, पण घ्या. रोज जमत नसेल तर दिवसाआड घेतली तरी चांगली अंगी लागते. शौचाला काळी होते, ते रक्त नव्हे, लोहच.

गोळी वाया घालवणाऱ्या गोष्टी आपल्या घरातच असतात. पहिला चहा. गोळीच्या आधी-नंतर तास-दीड तास चहा नाही म्हटलं की आमच्या भागातल्या बायकांना ऑपरेशनपेक्षा ते अवघड वाटतं. दुसरी कॅल्शियमची गोळी, ती रात्री घ्या. तिसरी ॲसिडिटीची, सकाळी उठल्या उठल्या घ्यायची सवय लागलेली. तिच्याने पोटातलं आम्ल कमी होतं आणि लोह शोषायला तेच आम्ल लागतं. थायरॉइडची गोळी आणि लोहाची गोळी यांत चार तासांचं अंतर ठेवा.

शेतात अनवाणी काम करणाऱ्यांना मी जंताची गोळी देतेच, कारण अंकुशकृमी (हुकवर्म) हे जंत आतडीतून रोज रक्त पितात. आणि माळकरी घरातल्यांचं बी-१२ तपासते. ते कमी असेल तर नुसत्या लोहाने हिमोग्लोबिन हलत नाही.

लोहाचं इंजेक्शन दुखतं, कमरेवर डाग पडतो म्हणतात.

ते जुनं, कमरेत घ्यायचं. आता शिरेतून देतात, सलाइनमधून. आयर्न सुक्रोज एका वेळी २०० मिलिग्रॅम, आठवड्यात जास्तीत जास्त तीनदा. वरच्या हिशोबातल्या बाईला सहा वेळा यावं लागेल. फेरिक कार्बोक्सिमाल्टोज एका वेळी १००० पर्यंत देता येतं, पंधरा-वीस मिनिटांत, म्हणजे दोन फेऱ्यांत काम. महाग आहे. पण जतहून सहा वेळा येण्याचं भाडं आणि बुडालेली हजेरी धरली तर फरक वाटतो तेवढा उरत नाही, हे मी नवऱ्यांना कागदावर मांडून दाखवते.

सुई टोचलेल्या जागी आग झाली किंवा फुगलं तर लगेच सिस्टरना हाक मारा. औषध शिरेबाहेर गेलं तर तपकिरी डाग पडतो आणि तो लवकर जात नाही. संपल्यावर अर्धा तास तिथेच बसायचं. हिमोग्लोबिन दुसऱ्या दिवशी वाढत नाही. दोन ते चार आठवडे लागतात. इंजेक्शनं चालू असताना लोहाच्या गोळ्या बंद.

मग रक्त लावायची वेळ कधी येते?

हिमोग्लोबिन ७ च्या खाली असेल, किंवा वर असूनही छाती धडधडणं, बसल्या जागी धाप, चक्कर असं होत असेल, किंवा रक्त जोरात चालूच असेल तेव्हा. ते उद्याच ऑपरेशन उरकायला नव्हे, तेवढा धोका टाळायला. एक पिशवी लावून पुन्हा तपासायचं. नवऱ्याचं रक्त शक्यतो नको, विशेषतः पुढे मूल हवं असेल तर. त्याच्या रक्तपेशींविरुद्ध तुमच्या अंगात द्रव्यं तयार होऊ शकतात आणि ती बाळाला त्रास देतात. सख्ख्या भावा-बहिणीचंही थेट लावत नाहीत. त्यांनी रक्तपेढीत द्यावं, तुम्हाला दुसरं मिळेल. रक्त विकत नसतं, रक्तपेढी फक्त प्रक्रियेचं शुल्क घेते.

रात्री अचानक वाढलं तर?

तासाला एक पॅड, असं सलग दोन तास भिजलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, उभं राहता येईना, तर सकाळची वाट बघू नका. १०८ ला फोन करा. जाताना पाणी पिऊ नका, कदाचित लागलीच भूल द्यावी लागेल. सासूबाई "पाय वर करून पड, थांबेल" म्हणतील. पाय वर करायला हरकत नाही, पण गाडी येईपर्यंतच. रुग्णालयात सलाइन, ट्रॅनेक्झामिकचं इंजेक्शन, हार्मोनचा मोठा डोस देतात. नाहीच थांबलं तर पिशवीत रबरी नळीचा फुगा फुगवून दाब देतात किंवा क्युरेटिंग करतात, म्हणजे आतलं अस्तर खरवडून काढतात.

अशोकारिष्ट, काढे, हळद चालू ठेवू का?

जे घेताय ते सगळं सांगा, बाटली घेऊनच या. आमटीतली हळद चालते, सांगलीत बसून हळद बंद करा म्हणायची माझी छाती नाही. पण हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल निघाल्यात, त्या रक्त पातळ करू शकतात. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉर्फरिन यांतलं काही चालू असेल तर स्वतःहून बंदही करू नका आणि लपवूही नका. स्टेंट असलेल्या माणसाने गोळी मनाने सोडणं फार महागात पडतं.

पाळी जाऊन तीन वर्षं झाली आणि परत सुरू झाली. हीच औषधं चालतील?

नाही. पाळी वर्षभर बंद राहून मग एक थेंब जरी गेला तरी आधी तपासणी, अस्तराचा तुकडा, मग बाकीचं. "पाळी परत आली, तब्येत सुधारली" असं म्हणत सहा महिने काढलेल्या बायका मी पाहिल्यात.

गोळ्यांनी थांबलं, रक्तही भरलं. आता ऑपरेशन करायलाच हवं का?

हा प्रश्न आल्याचा मला आनंद होतो. कधीकधी नकोच असतं. कारण थायरॉइड निघालं, तांबी निघाली, कोंब निघाला आणि दुर्बिणीने काढला, की पिशवी जागेवर राहू शकते. गाठी लहान असतील तर ५२ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेलची हार्मोनची तांबी बसवता येते. पहिले तीन-सहा महिने डाग पडत राहतात, मग बहुतेकींचं रक्त अगदी थोडं होतं. पाच वर्षं चालते.

चाळिशीच्या आतल्या बाईला "मुलं झालीत ना, मग काढून टाका" असं सांगणारे आजही भेटतात. ऊस तोडायला आपल्या कारखान्यांवर येणाऱ्या बीडच्या कितीतरी बायकांच्या पिशव्या तरुणपणीच काढलेल्या आहेत. २०१९ मध्ये राज्य सरकारला त्यावर समिती नेमावी लागली. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय काढण्याविरुद्धची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं सगळ्या राज्यांनी लागू करावीत असं सांगितलं. म्हणून दुसरं मत घ्या. डॉक्टर रागावले तर रागावू द्या.

पण गाठ मोठी आहे, लघवी अडतेय, औषध बंद केलं की पुन्हा तेच, अशी स्थिती असेल तर टाळत बसू नका. आता तुमचं हिमोग्लोबिन अकराच्या वर आहे, हीच वेळ.

योजनेत होईल का?

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुठली शस्त्रक्रिया कुठल्या रुग्णालयात बसते ते वेगवेगळं असतं. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा, रेशन कार्ड आणि आधार बरोबर ठेवा. सांगलीचं वसंतदादा पाटील रुग्णालय आणि मिरजेचं शासकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, दोन्हीकडे स्त्रीरोग विभाग आहे.

नेमकी ऑपरेशनच्या दिवशी पाळी आली तर?

पिशवी काढायची असेल तर सहसा अडत नाही. दुर्बीण आत घालून कोंब काढायचा असेल तर दिसत नाही म्हणून पुढे ढकलतात. घरून निघायच्या आधी फोन करा, जतहून येऊन परत जायला नको.

उपाशी कधीपासून राहायचं?

जेवण सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. वेळ भूलतज्ज्ञ सांगतील ती. मंगळवार-गुरुवारचा उपास त्या आठवड्यात करू नका. आणि कालनिर्णयाची ती पानं फाडून बरोबर आणा, मागे दुधाचा हिशोब असला तरी.